मेंदूची साल

मीनलला प्लास्टिकच्या खुर्चीला बांधून आम्ही जिन्यावरून खाली उतरवत होतो. माझ्या जुन्या सुती लुगड्याने बांधलं होतं, आणि गाठ मीच मारली होती. ती स्वतःचेच हात चावत होती, म्हणून. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बांधीन. खुर्ची पुढून टॅक्सीवाल्याने धरली होती आणि मागून माझ्या मुलाने, नितीनने. मीनल त्याची बायको. त्यांच्या मागे मी, आणि माझ्या मागे माझी नणंद. तिच्या हातात दहीभाताचं ताट, लिंबं आणि नारळ. गाडी खाली उभी होती. पानिपतला जायचं होतं.

पहिल्या मजल्याच्या वळणावर टॅक्सीवाला थांबला.

"माताजी, रास्ता दीजिए."

खालच्या बाई जिन्यात आडव्या पडल्या होत्या. डोकं भिंतीला, पाय स्वतःच्या दाराकडे, डोक्यात कानटोपी आणि छातीवर काठी. मला आधी वाटलं, घसरून पडल्या.

"अहो बाई, लागलं का? उठा," नितीन म्हणाला.

"लागलेलं नाही आणि उठतही नाही. हिला पानिपतला न्यायचं तर मला ओलांडून न्या."

टॅक्सीवाल्याने खुर्ची तिथेच पायरीवर टेकवली. "बुजुर्ग के ऊपर से मैं नहीं जाऊँगा जी. पाप लगेगा."

मागून नणंद ओरडली, "वहिनी, ओलांडायचं नाही हं! अशा कामाला निघालोय आपण. माणूस ओलांडलं की सगळा उतारा फुकट."

"मग बसा तिथेच," बाई खालूनच म्हणाल्या. "मला कसली घाई नाही. रिटायर झालेय मी."

जिना एवढा अरुंद की एका वेळी एकच माणूस उतरतो. मीनलचं तोंड चालू होतं. तोंडात काही नव्हतं, तरी ती चावत होती, ओठ चाटत होती, पुन्हा चावत होती. डोळे उघडे, पण कुणाकडे बघत नव्हते.

या बाई कोण ते सांगते. आम्ही आधी दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. मिस्टर रिटायर झाले, क्वार्टर गेलं, आणि आम्ही करोल बागेत या घरात दुसऱ्या मजल्यावर भाड्याने आलो. खाली गाडीच्या सीट कव्हरचं दुकान, पहिल्या मजल्यावर घरमालकीण. ती मराठी आहे म्हणून मिस्टरांनी घर घेतलं. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "तुम्ही जेवण चांगलं करता का?" मी म्हटलं, "करते." ती म्हणाली, "मला येत नाही. पण फुकट खाणार नाही, बदल्यात शिकवीन." काय शिकवणार ते बोलली नाही. मी चौथी शिकलेली. मला वाटलं, इंग्रजी शिकवेल.

तिने मला मेंदू शिकवला.

गल्लीतले सगळे तिला 'मैडम जी' म्हणत, आम्ही बाई म्हणत असू. मला त्या 'वरच्या' म्हणत. "काय हो वरच्या, आज काय केलंय?" लग्न केलेलं नव्हतं. सगळी नोकरी एका प्रयोगशाळेत उंदरांचे मेंदू कापण्यात गेली. रिटायर होताना तिथला एक जुना मायक्रोस्कोप त्या मागून घेऊन आल्या आणि जेवायच्या टेबलावर ठेवला. जेवायला जागा उरली नाही, तर ताट मांडीवर घेऊन जेवत.

घरात येईल त्याला आधी त्यात बघावं लागे. भाजीवाला, लाइटवाला, सगळे. गॅसवाला एकदा सिलिंडर खांद्यावर घेऊन उभा होता आणि बाई म्हणत होत्या, "पहले देखो, फिर बोलो." त्याने सिलिंडर उतरवलं, एक डोळा मिटला आणि बघितलं. "मकड़ी है मैडम जी."

"मकड़ी तेरे घर में होगी. ये दिमाग़ का चौकीदार है."

"दिमाग़ में चौकीदार? तो मेरे वाला सोया हुआ है जी," तो म्हणाला. बाई एवढ्या हसल्या की त्याला चहा मिळाला. एरवी त्या कुणाला पाणी विचारत नसत.

मी बघितलं तेव्हा मला पानगळीतलं झाड दिसलं. मध्ये एक बारीक बुंधा आणि चहूकडे काटक्या. बाई म्हणाल्या, "त्या काटक्या सारख्या हलत असतात. चाचपतात. शेजारी कोण मेलं, कोण आजारी, कुठे कचरा पडलाय." त्यांचं इंग्रजी नाव मायक्रोग्लिया. मला ते नीट म्हणायला वर्ष लागलं. आता झोपेतही म्हणेन.

त्यांची एक गोष्ट मी निदान शंभरदा ऐकली असेल. तरुणपणी त्या कामाला लागल्या तेव्हा साहेबाने सांगितलं, मेंदू काढला की वरचं पातळ कातडं सोलायचं आणि फेकायचं. सगळे फेकत. पुस्तकात लिहिलेलं होतं की मेंदू म्हणजे बंद किल्ला, शरीराच्या फौजेला आत मज्जाव. मग त्या कातड्यात काय असणार? बाईंनी ते फेकलं नाही. साल ठेवली. रंग घालून बघितली तर त्यात ही गर्दी. कातड्यात बसून राहणारे वेगळे, रक्ताच्या नळ्यांना चिकटून बसणारे वेगळे, नुसते डोकावून जाणारे वेगळे. साहेबाला दाखवलं तर तो म्हणाला, तुमचा हात स्वच्छ नाही, रक्त सांडलंय. त्यांचं नाव कुठे छापून आलं नाही. पुढे परदेशातल्या लोकांनी तेच सांगितलं तेव्हा साहेब मरून गेला होता.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"कशाचं? मी बघितलं होतं ना. त्याने नाही बघितलं. वाईट त्याला वाटायला पाहिजे."

घरातही त्या साल फेकू देत नसत. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालीची चटणी, आणि ती मी करायची. वाटाण्याच्या शेंगांची सालंसुद्धा करायला लावली एकदा. ती घाणेरडी झाली होती. त्यांनी संपवली.

पेशी असा एकच शब्द वापरला की भडकत. "तुम्ही अकोल्याच्या, मी पुण्याची, आणि गल्लीतले म्हणतात दोघी बंबईवाल्या. आवडतं का तुम्हाला? मग माझ्या लोकांना एका नावाने का हाक मारता?" मग सुरू. घरचे कोण, तर मेंदू धड बनायच्याही आधी, आईच्या पोटातच, येऊन बसलेले. ते बाहेरून भरती होत नाहीत, तिथेच राहतात आणि तिथेच आपली पिढी वाढवतात. लहान मुलाच्या मेंदूत नको त्या जोडण्या छाटतात, मेलेलं खातात. वेशीवरचे कोण, तर त्या सालीत बसलेले. फिरतीवरचे कोण, तर अंगभर हिंडणारे आणि इथे चौकशी करून जाणारे. काही तर कवटीच्या हाडातूनच बारीक वाटांनी सालीत उतरतात म्हणे. "प्रत्येकाचं काम वेगळं, प्रत्येकाची चूक वेगळी," असं त्या म्हणत. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भाजी निवडताना, टीव्हीवर बातम्या बघताना, कुठेही.

स्वभावाने चांगल्या होत्या असं मी म्हणणार नाही. गिझर आमच्याकडे जास्त वेळ चालला की खालून काठीने छत ठोकत. नितीनच्या बारशाच्या फोटोत त्याचं डोकं मोठं दिसतं, असं त्याच्या लग्नात चारचौघांत बोलल्या. देव मानत नसत, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पहिल्या येऊन बसत. बायका एकमेकींकडे बघायच्या. एकदा नणंदेने त्यांना वगळून पुढच्या बाईला कुंकू लावलं. बाई म्हणाल्या, "अहो, मला राहिलं."

"तुमचं... म्हणजे तुम्ही..." नणंद चाचरली.

"लग्न नाही झालं. कपाळ आहे. लावा."

मी उठून लावलं, वाणही दिलं. त्या वर्षी स्टीलची गाळणी होती. ती त्यांनी शेवटपर्यंत वापरली. शेवटचं सांगायचं तर मीनल बरी झाल्यावर काही वर्षांनी त्या गेल्या, खुर्चीत बसल्या बसल्या. देह मेडिकल कॉलेजला दिला होता. न्यायला आलेल्या माणसांना द्यायची चिठ्ठी माझ्याकडे आधीच देऊन ठेवली होती, त्यात एवढंच की कातडं फेकू नये. गल्लीतले म्हणाले, जाळलं नाही, आत्मा भटकेल. मी म्हटलं, भटकू दे, त्यांना हिंडायला आवडायचं.

तर मीनल. लग्न होऊन आमच्याकडे आली. गुरुग्रामला एका कंपनीत कामाला. चलाख पोरगी, बोलायला फटकळ, माझं तिच्याशी बरं जमायचं. पहिल्या संक्रांतीला आमच्या मराठी मंडळाची बस दरवर्षीसारखी पानिपतला गेली, काला अंबला. तिथे लाल विटांचा खांब आहे, मराठे लढले ती जागा. फुलं वाहायची, भाषणं ऐकायची, डबे खायचे आणि परत. मीनल पहिल्यांदाच आली होती. केस धुतलेले, ते मोकळे सोडलेले, भर दुपारी खांबापाशी उभी राहून फोटो काढत होती.

परतीच्या बसमध्येच म्हणाली, "आई, माझा फोन माझ्याकडे बघतोय." मी म्हटलं, बंद कर मग. पुढच्या काही दिवसांत तिला झोप नाही. चहा करायला उभी राहिली आणि पातेलं हातात धरून विचारते, याचं काय करायचं असतं. मग हसणं, मग रडणं, मग नितीनला ओळखेना. डॉक्टरने झोपेच्या गोळ्या दिल्या. दुसरा मोठा डॉक्टर म्हणाला, मनाचा आजार आहे. त्याने दिलेल्या औषधाने ती लाकडासारखी ताठ झाली. मग ते चावणं सुरू झालं.

नणंदेने एका बैठकीत निदान केलं. "वहिनी, हे पानिपतावरचं आहे. लाखभर माणूस पडलंय तिथे, कुणाला अग्नी नाही मिळाला. भर दुपारी, मोकळे केस! लागणारच की."

"आपलीच माणसं आहेत ना ती? मग आपल्याच सुनेला कशी लागतील?" मी म्हटलं.

"आपली म्हणूनच. घरी यायचंय त्यांना."

वन्सं मूर्ख बाई नाही. तिने मीनलसाठी उपास धरले होते, तिचे मळलेले कपडे धुतले होते. तिचं म्हणणं एकच, जिथून आणलं तिथे नेऊन सोडायचं. नितीन माझ्याकडे येऊन म्हणाला, "आई, एकदा करून बघू यार. आपलं काय जातंय?" त्याचा चेहरा असा झाला होता की मी नाही म्हणाले नाही. मला पटलेलं नव्हतं. पण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, आणि हातावर हात ठेवून बसणं मला जमत नाही.

म्हणून तो जिना.

बाई पायरीवर पडल्या पडल्या नितीनला म्हणाल्या, "काय रे, आपलं काय जातंय म्हणालास ना? मी ऐकलं. हिचा जीव जातोय. तोंडाकडे बघ तिच्या. तोंडात घास नाही आणि चावतेय. कुठल्या सैनिकाने शिकवलं हे?"

"मग काय आहे ते?" नितीन ओरडलाच. "तुम्ही सांगा ना! तुम्ही काय डॉक्टर आहात?"

"मी उंदरांची डॉक्टर आहे. पण हे माझ्या लोकांचं काम आहे, मी ओळखते. तिच्याच अंगातले पहारेकरी तिच्या मेंदूवर उठलेत. याला टेस्ट आहे, औषध आहे. वेळ मात्र नाही. पानिपतला जाऊन येईस्तोवर श्वास बंद पडला तर?"

नणंद म्हणाली, "अहो, तुमचं नेहमीचंच ते, मेंदू आणि चौकीदार!"

"आणि तुमचं नेहमीचं भूत. वरच्या, तुम्ही बोला. सून तुमची आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. टॅक्सीवालासुद्धा. मला आजार कळत नव्हता. भूतही कळत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की ही बाई आयुष्यात कधी कुणासाठी वाकली नाही, आणि थंडीत त्या ओल्या पायरीवर पाठ टेकून पडली आहे. उगाच नाही पडणार.

मी टॅक्सीवाल्याला म्हटलं, "भैया, पानीपत नहीं जाना. हॉस्पिटल चलो."

"बिल्कुल, माताजी," तो म्हणाला. त्याला सुटल्यासारखं झालं होतं.

बाई उठायला लागल्या तर कंबर धरलेली. नितीन आणि टॅक्सीवाल्याने आधी त्यांना उचलून उभं केलं, मग मीनलला नेलं. बाईही काठी टेकत गाडीत येऊन बसल्या. नणंद दहीभाताचं ताट घेऊन तिथेच उभी राहिली. नंतर ती एकटीच बसने पानिपतला गेली आणि उतारा टाकून आली. हे मला फार दिवसांनी कळलं.

हॉस्पिटल सरकारी, मोठं. तिथे बाईंच्या हाताखाली शिकलेला एक मेंदूचा डॉक्टर होता. केस पिकलेला माणूस, पण बाई त्याला बोलल्या ते असं: "पिंजरे धोता था मेरे यहाँ, याद है? अब सुन. इसकी पीठ से पानी निकाल."

"मैडम, पहले हम देख तो लें."

"देख. जल्दी देख. और पेट भी देख, अंडाशय."

त्याने मीनलच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला, ते मी पाहिलं. पाठीच्या कण्यातलं पाणी काढलं. पोटाचा फोटो काढला. अंडाशयात गाठ होती.

त्याच आठवड्यात मीनलचा श्वास खरंच थांबायला लागला आणि तिला मशीनवर घातलं. कण्यातल्या पाण्याचा रिपोर्ट बाई म्हणाल्या तसाच आला. ऑपरेशन करून गाठ काढली. डॉक्टरने नितीनला सांगितलं, गाठीत केस होते आणि एक दात होता.

नणंदेला हे कळलं आणि ती बाकावरून उठलीच. "बघा! केस आणि दात! मी काय म्हणत होते?"

बाई तिच्या शेजारीच बसल्या होत्या. रोज मेट्रोने यायच्या, काठी टेकत, आणि बाकाची अर्धी जागा अडवून बसायच्या. त्यांनी शांतपणे सांगितलं, आणि तसं शांतपणे बोलताना मी त्यांना तेव्हाच ऐकलं. "वन्सं, अशी गाठ असते. अंगाला कधी कधी कळत नाही काय बनवायचं, मग ते सगळंच थोडं थोडं बनवतं. केस, दात, आणि मेंदूचा एखादा तुकडासुद्धा. पोटात मेंदू दिसला तर पहारेकरी काय करणार? हा परका म्हणणार. त्याला मारायचं हत्यार बनवणार. ते हत्यार डोक्यात गेलं, आणि तिथे तसलाच मेंदू. पण खरा. कुणी वाईट वागलं नाही यात. ओळखण्यात चूक झाली."

नणंद परत बाकावर टेकली. मग म्हणाली, "भूतसुद्धा चुकूनच धरतं, बाई."

"असेल. पण तुमच्या भुताला स्टिरॉइड लागू पडत नाही."

मी मात्र चिडले होते. मी म्हटलं, "मग कसले हो तुमचे पहारेकरी? एवढी वर्षं कौतुक ऐकलं त्यांचं. घरच्याच पोरीला खायला उठले! हाकलून द्या म्हणावं सगळ्यांना."

"हाकलले तर साध्या सर्दीने जाईल ती. डॉक्टर त्यांना मारत नाही आहेत, थंड करतायत. ज्यांनी हत्यारं बनवली त्यांना आवरायचं. आणि जे आत जन्मापासून बसलेत, ते आता पसारा आवरणार. ते नसते तर बरं व्हायचं नावच नको." मग काठी आपटून म्हणाल्या, "सगळ्यांना एका नावाने शिव्या घालू नका वरच्या. किती वेळा सांगायचं?"

मशीनच्या खोलीबाहेर बाकावर बसून ही बाई माझ्याशी पेशींच्या अब्रूसाठी भांडत होती. मला तिचा राग आला आणि बरंही वाटलं. बाकी सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते, मीनल गेलीच आहे असं धरून. या एकट्या भांडत होत्या.

रक्तातला तो हत्यारांचा भाग काढून टाकायचं मशीन लावलं, बाटल्या चढवल्या. काहीच फरक दिसेना. डॉक्टर म्हणायचा, वेळ लागतो. नणंद म्हणायची, देवाची इच्छा. बाई म्हणायच्या, "ते कामाला लागलेत. दिसत नाही म्हणून होत नाही असं नाही. माझ्या साहेबालाही दिसलं नव्हतं." मी मीनलचे पाय चोळत होते.

श्वासाचं मशीन काढल्यावरही कितीतरी दिवस ती बोलली नाही. नुसती बघायची. मग एका दुपारी मी तिला पेज भरवत होते, तर तिने चमचा तोंडातून बाहेर ढकलला, डोक्यावरून हात फिरवला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आई, माझे केस कुणी कापले?"

"मी. जटा झाल्या होत्या."

"वाकडे कापलेत."

नितीन बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून रडला. बाई म्हणाल्या, "वाकडे आहेतच. खरं बोलतेय. म्हणजे बरी होणार."

घरी आणलं तेव्हा ती त्याच जिन्याने वर आली, कठडा धरून, मध्ये मध्ये बसत. आमच्या दारात नणंद भाकरतुकडा घेऊन उभी. बाई जिन्यातून ओरडल्या, "ओवाळा, ओवाळा, त्याने काही बिघडत नाही." नणंदेने मीनलवरून ओवाळला, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, खाली उतरून बाईंवरूनही ओवाळला. त्या हलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "भाकरी ताजी आहे का? मग टाकू नका, इकडे द्या."

मंडळात नणंद आजही सांगते, मी उतारा टाकला म्हणून पोर वाचली. सांगू दे. डॉक्टर सांगतो, वेळेवर आणली म्हणून वाचली. बाई सांगायच्या, पहारेकऱ्यांनी पसारा आवरला म्हणून वाचली. मला कुणी विचारलं तर मी म्हणते, मला माहीत नाही. मी तिथे होते, पण आत काय झालं ते मी बघितलेलं नाही, आणि न बघितलेलं मी सांगत नाही.

मीनलला यातलं काही आठवत नाही. ना बस, ना खुर्ची, ना बाई पायरीवर पडलेल्या. मी सांगते तेव्हा ती दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तशी ऐकते आणि मधूनच विचारते, "मग? मग काय झालं तिचं?" मी म्हणते, ती जगली. आता जा, ऑफिसला उशीर होतोय.